लोहारशाळेतील मोटार

कृष्णाकाठच्या गावगाड्यात लोहार हा बलुतेदार, म्हणजे वर्षभराच्या कामाबद्दल खळ्यावर धान्याचा वाटा घेणारा कारागीर होता, आणि नांगराचा फाळ शेवटण्याबरोबरच बैलगाडीच्या चाकावर ‘धाव’ चढवणे हे त्याचे काम असे. धाव म्हणजे चाकाच्या परिघावरील लोखंडी पट्टी. ती तापवून चढवली आणि पाण्याने विझवली की आकसून लाकडाला घट्ट आवळून बसते. सातारा-सांगलीतील घरघडणीच्या मोटारीचा इतिहास याच भट्टीपासून सुरू करावा लागतो. हे दोन जिल्हे तसे एकाच घरचे आहेत, कारण आजचा सांगली जिल्हा 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून निर्माण झाला आणि त्याचे आजचे नाव 1960 मध्ये रूढ झाले.

भट्टी आणि कारखाना यांची गाठ येथे लवकर पडली. बेळगावात 1888 मध्ये सायकलचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या कुंडलजवळच्या, फड्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगराचे उत्पादन वाढवले. साताऱ्याजवळ, सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातून नांगर आणि पुढे डिझेल इंजिने बाहेर पडू लागली. (हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, हे आता क्वचितच कोणाला आठवते.) विहिरीवर मोटेच्या जागी इंजिन आले, त्यामागून ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्या आल्या, आणि ऐरणीशेजारी वेल्डिंगचे यंत्र उभे राहिले. कारखान्याने लोहार संपवला, हे सरसकट विधान या भागापुरते तरी अर्धेच खरे मानावे लागते. त्याचा धान्याचा वाटा गेला, पण हात टिकला.

कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुटे भाग जोडून, दुचाकीसारखी लाथ मारून सुरू होणारी चारचाकी सुमारे 60,000 रुपयांत तयार केली आणि डिसेंबर 2021 मध्ये तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. चालकाचे आसन डावीकडे असलेल्या या लहानग्या गाडीचे उद्योगपती आनंद महिंद्र यांनी कौतुक केले, पण ती नियमांत बसत नसल्याने प्रशासन तिला आज ना उद्या अडवील, असेही त्यांनी लिहिले. तिच्या बदल्यात त्यांनी देऊ केलेली नवी बोलेरो जानेवारी 2022 मध्ये कुटुंबाच्या हाती आली.

अडवणूक होण्याचे कारण नोंदणीत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांच्या 126 व्या नियमानुसार उत्पादकाला गाडीचा नमुना पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम नोंदणी झालेल्या गाडीतही मूळ रचनेविरुद्ध फेरफार करू देत नाही. एकच गाडी घडवणाऱ्या कारागिराचा विचार या चौकटीत झालेलाच नाही. अमेरिकेत मात्र घरी बांधलेली मोटार एरवी रस्त्यावर आणि सुट्टीच्या दिवशी ‘ड्रॅग रेस’मध्ये, म्हणजे जागेवरून सुटून बहुधा पाव मैल (सुमारे 402 मीटर) सरळ पळण्याच्या शर्यतीत चालवणे हा जुना छंद आहे, 1951 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने त्याला शिस्त लावली आणि कित्येक जण तो निवृत्तीनंतरही जोपासतात. देवराष्ट्र्याची गाडी फुरसतीतून नव्हे, तर मुलाच्या हट्टापायी आणि बाजारातील मोटार परवडत नसल्यामुळे घडली.

सरळ पल्ल्याच्या शर्यतीचे वेड या मुलखाला नवे नाही. फक्त ते छकड्याचे, म्हणजे हलक्या बैलगाडीचे आहे. 2014 च्या निकालाने थांबलेल्या बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने 16 डिसेंबर 2021 रोजी सशर्त परवानगी दिली. लोहारांच्या गाडीची चर्चा त्याच महिन्यातली: छकडा फाटीवर, म्हणजे शर्यतीच्या आखलेल्या वाटेवर परतला आणि मोटार महिंद्रांच्या संशोधन केंद्राकडे गेली.