पाचाडचा वाडा आणि चौथीची सहल

महाडहून रायगडाकडे निघालेला प्रवासी पाचाडला पोहोचतो तेव्हा त्याची नजर साहजिकच वर, गडाच्या कड्याकडे जाते. गावातील जिजाऊंचा वाडा आणि त्यांची समाधी ही स्थळे पुष्कळदा परतीच्या वाटेवर, उरल्यासुरल्या वेळात पाहिली जातात. शाळांच्या सहलींच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. महाराष्ट्रात गेली अनेक दशके चौथीच्या वर्गाला शिवचरित्र शिकवले जाते. त्यामुळे नऊ-दहा वर्षांची मुले रायगडावर नेणे हा जणू अभ्यासक्रमाचाच भाग होऊन बसला आहे. आणि दरवर्षी सहलीची सूचना घरी आली की पालकांपुढे तोच प्रश्न उभा राहतो: एवढ्या लहान मुलाला पाठवावे की पाठवू नये?

या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, मावळ्यांच्या मुलांना कड्याची भीती कसली? दुसरा म्हणतो, काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण? आम्ही साहित्याचे अध्यापक. दोर, गाठी आणि गिर्यारोहण यांचे शास्त्र आमचे नव्हे. तथापि पहिला पक्ष ज्या इतिहासाची साक्ष काढतो तो इतिहास खरोखर काय सांगतो, हे तपासणे आमच्या कक्षेत येते. ते तपासताना आमच्या असे ध्यानात आले की रायगडाशी संबंधित माणसांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या प्रसंगी सोडवलेला आहे, आणि त्यांची उत्तरे या दोन्ही पक्षांहून अधिक शहाणी आहेत.

पहिले उत्तर पाचाडच्या वाड्याचेच. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच. तिथला भन्नाट वारा आणि गारठा जिजाऊंना उतारवयात मानवेना, म्हणून शिवाजी महाराजांनी त्यांच्यासाठी गडाच्या पायथ्याशी वाडा बांधून घेतला. ६ जून १६७४ रोजी गडावर राज्याभिषेक झाला आणि १७ जून १६७४ रोजी पाचाडला जिजाऊंचे निधन झाले. आज वाड्याची तटबंदी, जोती आणि विहिरी शिल्लक आहेत. या अवशेषांकडे आपण भक्तिभावाने पाहतो. त्यांतला निर्णय मात्र क्वचितच वाचतो. स्वराज्याची राजधानी गडावर, आणि ज्यांच्या प्रेरणेने ते राज्य उभे राहिले त्या राजमाता पायथ्याशी. त्यांनी गडावर राहिलेच पाहिजे, नाहीतर धैर्यात उणेपणा येईल, असे कोणाच्या मनात आले नाही. गड तोच; व्यवस्था मात्र माणूस पाहून. एखादी जागा सुरक्षित आहे काय, हा प्रश्न ‘कोणासाठी’ हे ठरल्याशिवाय पुरा होत नाही, हे पाचाडच्या या दगडांनी सांगून ठेवले आहे.

दुसरे उत्तर आग्र्याच्या वाटेवरचे. १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराज आग्र्यात औरंगजेबाच्या दरबारी उपस्थित झाले तेव्हा संभाजीराजे त्यांच्यासमवेत होते. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७चा. म्हणजे त्या दिवशी त्यांना नऊ वर्षे पुरी व्हायला दोन दिवस उणे होते. आज रायगडाच्या पायऱ्या चढणारा चौथीतला मुलगा बहुधा याच वयाचा असतो. पुरंदरच्या तहानंतरच्या राजकारणात या बालकाच्या नावे मोगली मनसब होती, आणि त्याला सोबत नेण्यात जोखीम होती हे उघडच आहे. ती जोखीम जाणूनबुजून पत्करली गेली.

परंतु मुलांच्या साहसाचे दाखले देताना आपण इथेच थांबतो. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. १७ ऑगस्ट १६६६ रोजी आग्र्याहून सुटका झाल्यावर महाराजांनी संभाजीराजांना आपल्याबरोबर दक्षिणेत आणले नाही. मथुरेत मोरोपंत पेशव्यांच्या नात्यातील एका ब्राह्मण कुटुंबाकडे त्यांना ठेवण्यात आले, आणि महाराज पुढे गेले. वाटेत संभाजीराजे निवर्तले अशी आवई उठवण्यात आली, असेही इतिहासकार सांगतात. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला लिहिलेल्या बखरीतही मुलाला मथुरेत ठेवल्याचा वृत्तांत आहे. पुढे वाट निर्वेध झाल्यावर त्यांना सुखरूप राजगडी आणण्यात आले.

या निर्णयाचा नीट विचार करावा. जाताना जो मुलगा बरोबर होता तोच परतताना बरोबर नव्हता. मुलगा बदलला नव्हता. प्रवास बदलला होता. जाताना लवाजमा होता, मुक्काम ठरलेले होते, चाल संथ होती. परतताना पाठीवर शत्रू, वाट आडवळणाची, ऐन पावसाळ्यात भरलेल्या नद्या, आणि वेग हेच एकमेव संरक्षण. बालकाच्या अंगात तो वेग नव्हता. तो नाही हे मान्य करणे, आणि पोटच्या मुलाला परक्या गावी मागे ठेवण्याचे दुःख सोसणे, याला आम्ही आग्र्याच्या प्रकरणातील पेटाऱ्यांच्या युक्तीइतकेच धैर्य मानतो. लहान मुलाला एखाद्या साहसास नेता येईल काय, याचे उत्तर एकदाच देऊन चालत नाही. परिस्थिती पालटली की ते पुन्हा द्यावे लागते, हे मथुरेच्या या मुक्कामाचे सार आहे.

तिसरे उदाहरण आमच्या या मांडणीला सरळ आडवे जाणारे आहे, म्हणूनच ते टाळता येत नाही. ११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांची हत्या झाली आणि मोगली फौजेचा रायगडाला वेढा पडला. ५ एप्रिल १६८९ रोजी राजाराम महाराज गडावरून निसटले. येसूबाई आणि त्यांचा पुत्र शाहू मागे राहिले. शाहूंचा जन्म १८ मे १६८२चा. म्हणजे वय सात वर्षांचेही पुरे नव्हते. राजकुटुंबातील सर्वांनी एकाच जागी अडकून पडू नये, हा विचार त्यामागे होता आणि त्याचे श्रेय परंपरेने येसूबाईंना दिले जाते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गड मोगलांच्या हाती गेला. शाहूंची सुटका १७०७ साली झाली, येसूबाईंची १७१९ साली. ज्या तटबंदीच्या आत मूल सुरक्षित राहावे तीच त्याच्या बंदिवासाची पहिली भिंत ठरली.

यावरून, घरी बसवले तरी धोका टळत नाही, मग न्यायला काय हरकत, असा निष्कर्ष कोणी काढील. आम्हांला तो उतावीळपणाचा वाटतो. येसूबाईंसमोरचे दोन्ही मार्ग वाईट होते. त्यांतला एक त्यांनी डोळे उघडे ठेवून निवडला आणि त्याचे फळ मुलाबरोबर स्वतः भोगले. निर्णय घेणारी व्यक्ती परिणामांच्या बाहेर उभी नव्हती. मुलासाठी जोखीम पत्करण्याचा अधिकार कोणाला, याचे उत्तर या प्रसंगात दडलेले आहे.

आता हिरकणी. सायंकाळी गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल एकटे, म्हणून ही गवळण रात्री कडा उतरून गेली आणि महाराजांनी तिथे बुरूज बांधून तिचा गौरव केला, ही कथा सहलीतले प्रत्येक मूल ऐकते. समकालीन साधनांत तिला आधार मिळत नाही. ती लोकस्मृतीची निर्मिती आहे. लोककथा म्हणूनही ती बारकाईने वाचायला हवी. आपण ती धाडसाची कथा म्हणून सांगतो. पण या कथेत मूल कड्यावर नाही. ते घरी आहे. कडा उतरते ती आई, आणि तीही हौसेने नव्हे, दुसरा इलाजच उरला नाही म्हणून. शिवाय कथेचा शेवट पाहावा. ज्या जागेवरून हिरकणी उतरली ती जागा बुरूज बांधून बंद करण्यात आली. म्हणजे कथेतल्या राजाने धाडसाचा सन्मान आणि त्या वाटेचा बंदोबस्त एकाच बांधकामात केला. आज याच बाईच्या नावाच्या हिरकणीवाडीतून रोपवे निघतो. १९९६पासून तो माणसांना काही मिनिटांत गडावर पोहोचवतो. रोपवेने चढलेल्या मुलाचा रायगड कमअस्सल, असे मानणाऱ्या शिक्षकांनी ही कथा पुन्हा एकदा वाचावी.

गडाचा अर्थ मध्यंतरी पालटला, हेही लक्षात घ्यायला हवे. १८१८ साली रायगड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे ओस पडला. १८९६ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने गडावर शिवउत्सव झाला आणि गडाची यात्रा हे राष्ट्रीय कर्तव्य बनले. गो. नी. दांडेकरांसारख्या दुर्गप्रेमी लेखकांनी पुढच्या पिढ्यांना गडांचे वेड लावले. हे सारे इष्टच झाले. मात्र गड वसता होता तेव्हा तिथे राहणारी माणसे वारा, पाऊस आणि दरवाजाची वेळ जाणून होती. आताचा यात्रेकरू एका दिवसाचा पाहुणा असतो. त्याला गडाचा पराक्रम पाठ असतो. गडाचा पावसाळा ठाऊक नसतो.

आणि या परिसरातील अलीकडच्या घटना काय सांगतात? १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच जिल्ह्यात मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरला निघालेली बस पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात कोसळली आणि ३० जणांचा मृत्यू झाला. ती सगळी प्रौढ, जाणती माणसे होती. ७ जुलै २०२४ रोजी रायगडावर अतिवृष्टी झाली, पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे वाहू लागले, पर्यटक अडकले आणि प्रशासनाला गडाची वाट काही काळ बंद करावी लागली. या तिन्ही घटनांत कोणी कडा चढत नव्हते. आपण मुलांना टकमक टोकापासून दूर राहायला सांगतो, ते योग्यच आहे. परंतु माणसे गेली ती किनाऱ्यावर आणि रस्त्यावर, अडकली ती रोजच्या पायवाटेवर. पालकांनी कड्याची उंची विचारण्याआधी बस रात्री घाट उतरणार काय, चालक सलग किती तास गाडी चालवणार, पाऊस आला तर बेत रद्द करण्याचा अधिकार कोणाकडे, आणि मुलांच्या प्रत्येक तुकडीमागे मोठी माणसे किती, हे विचारले पाहिजे.

इथे आमच्या विषयातील एक लहानसा मजकूर वाचकांपुढे ठेवतो: सहलीचे संमतीपत्र. मजकूर म्हणून तो विलक्षण असतो. ‘माझ्या पाल्यास स्वतःच्या जबाबदारीवर पाठवीत आहे’ अशा धर्तीच्या त्या वाक्यात कर्ता पालक, कर्म पाल्य, आणि नेणारी संस्था व्याकरणातूनच अदृश्य. ज्याला त्या दिवशीचा पाऊस दिसणार नाही, घाटातली बस दिसणार नाही, त्याच्या सहीवर सारा भार. येसूबाईंच्या निर्णयाचे हे नेमके उलटे रूप आहे. कायदाही हळूहळू ही अदृश्य बाजू दृश्य करू लागला आहे. इंग्लंडमध्ये १९९३ साली लाइम बे येथे समुद्रात चार शाळकरी मुले दगावली, तेव्हा तरुणांसाठी साहसी उपक्रम चालवणाऱ्या केंद्रांना परवाना घ्यायला लावणारा कायदा १९९५ साली झाला. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांच्या नोंदणीची व्यवस्था केली. तरीही कागद पुरा झाला म्हणजे विचार पुरा झाला, असे होत नाही.

मग लहान मुलांना न्यावे की नाही? आमचे मत न्यावे, असेच आहे. नऊ वर्षांच्या मुलाला वाऱ्याचा, उंचीचा आणि स्वतःच्या दमण्याचा अनुभव पुस्तक देऊ शकत नाही. पण थंडीच्या दिवसांत न्यावे, ऊन चढण्याआधी चढावे, अंधार पडण्याआधी उतरावे, आणि ज्याचा श्वास पुरत नाही त्याला रोपवेने जाऊ द्यावे. आणि कोणी अर्ध्या वाटेवरून परतले तर त्याला भित्रा म्हणू नये. तसे म्हणणाऱ्या मुलाला मथुरेची गोष्ट सांगावी.

आणखी एक सुचवावेसे वाटते. सहलीची सुरुवातच पाचाडच्या वाड्यापासून करावी. मुलांना विहिरीच्या काठापासून अंतरावर बसवून शिक्षकांनी विचारावे, की गडावर एवढा राजवाडा असताना राजमाता इथे खाली का राहत होत्या? मुले उत्तर शोधतील आणि बहुधा अचूक शोधतील. त्यानंतर वर जायचे की इथेच थांबायचे, हे सांगायला त्यांतल्या दमलेल्या, आजारी वा घाबरलेल्या मुलाला लाज वाटणार नाही. थांबणाऱ्यांसोबत एक शिक्षक थांबावा. जागा काही कमी मानाची नाही; तिथे जिजाऊ राहत होत्या.