इंजिनाची नावनिशी

तळहातावर सहज मावेल एवढे, अडीच-साडेतीन घनसेंटिमीटर घनफळाचे, आणि तरीही मिनिटाला तीस हजारांवर फेरे घेणारे जे नायट्रो इंजिन हौशी लोक रेडिओवर चालणाऱ्या छोट्या मोटारगाडीत बसवतात, त्याची जन्मभूमी नांदेड नव्हे की लातूरही नव्हे. ते परदेशी हौसेचे अपत्य आहे. परंतु त्याचे पुर्जे सुटे करून फडक्यावर मांडले, तर ज्या मुलखात विहिरींच्या काठी, जिनिंगच्या आवारात आणि डाळीच्या गिरण्यांत पिढ्यान् पिढ्या इंजिने धडधडली, तेथील जुन्या मिस्त्रीला त्यांतील निम्म्याहून अधिक पुर्ज्यांची ओळख करून द्यावी लागणार नाही. ही ओळख त्याला कोणत्याही विद्यालयाने दिलेली नाही. ती कोणत्या मार्गाने आली, हा मराठवाड्याच्या इतिहासातील एक उपेक्षित परिच्छेद आहे.

आरंभ अर्थातच वाफेचा. एकोणिसावे शतक सरता सरता गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबाद आणि मनमाड यांना जोडणारी मीटरगेज लोहमार्गाची वाट नांदेडवरून गेली; लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ साली पोचली. मराठवाड्याचा कापूस आणि गळिताचे धान्य या दोन मार्गांनी बाहेर जाऊ लागले, तसे त्यांच्या उलट दिशेने बॉयलर, पिस्टन, व्हॉल्व आणि ते दुरुस्त करणारी माणसे आत येऊ लागली. लातूरचा व्यापार गंजगोलाईभोवती दाटला, नांदेडात उस्मानशाही मिल उभी राहिली. पण यंत्राची खरी जवळीक गिरणीच्या भिंतीआड होत नाही. गिरणीतला कामगार यंत्राच्या एका अंगाशी बांधलेला असतो. संपूर्ण यंत्र एका माणसाच्या हाती पडावे लागते, आणि ते पडले तेलाच्या इंजिनामुळे.

त्याआधी एका विलक्षण उद्योगाची नोंद करणे प्राप्त आहे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता, आणि १९१७ साली हैदराबादेस भाषांतराचे सरकारी दफ्तर स्थापन झाले आणि पुढल्याच वर्षी उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले. गणित, पदार्थविज्ञान, वैद्यक, यंत्रशास्त्र यांतील शेकडो पारिभाषिक संज्ञा अरबी-फारसी धातूंपासून तेथे मोठ्या विद्वत्तेने घडवल्या गेल्या. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयत्न त्या काळी धाडसाचाच होता, आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. तथापि नांदेडच्या मराठी रयतेला ती परिभाषा इंग्रजीइतकीच परकी होती, आणि इंजिन जोडणाऱ्या हातापर्यंत तर ती पोचलीच नाही. दरखास्त, तगाई, जामीन, मोबदला हे शब्द बोलीत मुरले, कारण त्यांच्याशी रयतेचा रोजचा व्यवहार होता. यंत्राच्या बाबतीत त्या मुलखाने ‘पुर्जा’, ‘कारागीर’, ‘दुरुस्ती’ एवढे घेतले आणि बाकीचे सारे पेटीवर छापलेले इंग्रजी नाव जिभेला सोसेल तसे वाकवून वापरले.

पेटी येत असे ती पश्चिमेकडून. सातारा रोडच्या कूपर कारखान्याने १९३३ साली डिझेल इंजिन बनवले. १९४६ साली खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. पुढे कोल्हापूरची आणि राजकोटची इंजिनेही बाजारात उतरली, त्यांपैकी राजकोटची बहुधा इंग्लंडातील लिस्टरच्या नमुन्यावर बेतलेली, मंदगती, दोन अवजड चाकांची. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि तगाईच्या रकमेतून विहिरीवर इंजिन बसवणे ही सुस्थितीतल्या शेतकऱ्याला आवाक्यातली गोष्ट झाली. ज्या थारोळ्यात बैलांच्या मोटेचे पाणी पडत होते, त्यात पाच हॉर्सच्या इंजिनाचे पाणी पडू लागले.

या इंजिनाचे शरीरशास्त्र मिस्त्री शिकला तो अवयवांच्या क्रमाने नव्हे, व्याधींच्या क्रमाने. हँडल मारताना हाताला विरोध लागला नाही, म्हणजे दाब गेला. दाब गेला म्हणजे रिंगा झिजल्या, लायनर खाल्ला गेला किंवा व्हॉल्व नीट बसत नाही. काळा धूर निघाला तर नोझल तेल फवारीत नाही, ओतीत आहे. निळा धूर निघाला तर खालचे वंगण रिंगा ओलांडून वर चढते आहे. तेलाच्या नळीत हवा शिरली की इंजिन गुमान बंद पडते, आणि नट सैल करून ती हवा काढावी लागते. गव्हर्नर, टॅपेट, बुश, पॅकिंग यांची नावेही अशीच त्यांच्या बिघाडासह पाठ झाली. दाब मोकळा करणारा खटका उचलून हँडल फिरवायचे, चाकांना वेग आला की खटका सोडायचा आणि हँडल वेळीच काढून घ्यायचे, ही क्रिया ज्याने पाहिली आहे त्याला संपीडन म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकातून समजून घेण्याची गरज उरत नाही.

आता त्या चिमुकल्या यंत्राकडे वळू. क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, हेड, चाक: येथवर मिस्त्रीचे काही अडत नाही. हेडच्या मध्यभागी जो ग्लो प्लग असतो, त्याचेही नाते मिस्त्रीच्या इंजिनाच्या पूर्वजांशी आहे. हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्ट याने १८९० च्या सुमारास जे तप्तगोलाचे इंजिन सिद्ध केले, त्यात दिव्याच्या ज्वाळेने गोल तापवीत, आणि एकदा इंजिन सुरू झाले की ज्वलनाच्या उष्णतेनेच तो तप्त राहत असे. १९४७ साली अमेरिकेत रे आर्डन याने बाजारात आणलेल्या ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक तार प्रथम विजेने लाल करतात. नंतर वीज काढली तरी प्लॅटिनमच्या सान्निध्यात मेथॅनॉलच्या वाफेची जी रासायनिक क्रिया होते तिच्यामुळे, आणि प्रत्येक स्फोटाच्या उष्णतेमुळे, ती धगधगत राहते.

फरक पडतो तो पुढे. येथे व्हॉल्व नाहीत; सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या पिस्टनच उघडतो आणि मिटतो, आणि मिश्रण पोकळ क्रँकमधून आत शिरते. नोझलच्या जागी कार्बोरेटर आहे. त्याची एक सुई वेगासाठी, दुसरी मंद गतीसाठी. अनेक इंजिनांत रिंगाही नाहीत: ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोमचा मुलामा दिलेली पितळी नळी, तीही वरच्या टोकाला किंचित निमुळती. थंड असताना पिस्टन तेथे अडकतो. मिस्त्री म्हणेल, इंजिन जाम झाले. वस्तुतः ते नवे आणि निकोप असल्याची ती खूण आहे, कारण तापल्यावर नळी फुगून दोहोंची जुळणी बरोबर होते.

धुराचा अर्थ तर सर्वस्वी उलटा आहे. वंगणाची वेगळी टाकी नसल्याने तेल इंधनातच मिसळलेले असते, मेथॅनॉल आणि नायट्रोमिथेन यांच्या सोबतीला. एक्झॉस्टच्या नळीतून धुराची बारीक रेघ निघत राहणे हे येथे आरोग्याचे लक्षण, आणि धूर नाहीसा होणे हा धोक्याचा इशारा. सुई फार आवळली, मिश्रण दुबळे झाले, आता पिस्टन भाजेल. जन्मभर निळा धूर पाहून रिंगा बदलणाऱ्या माणसाला हे पचवणे जड जावे. जाता जाता एवढे सांगितले पाहिजे की या इंधनात पूर्वापार वापरले जाणारे वंगण म्हणजे एरंडेल, आणि जुन्या हैदराबाद संस्थानाचे, विशेषतः त्यातील तेलंगणाचे, एरंड हे नामांकित पीक होते.

आता पुन्हा विहिरीकडे येऊ. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, गावोगावी खांब उभे राहिले आणि विहिरीवरचे इंजिन हळूहळू गोठ्यात गेले. मिस्त्रीने वायंडिंगचे दुकान टाकले. नोझल, टॅपेट, गव्हर्नर हे शब्द तरुणांच्या कानावर क्वचितच पडू लागले; बुश आणि बेरिंग मात्र विजेच्या पंपातही असल्यामुळे टिकले. पंप विकत घेताना शेतकरी अजून पाच हॉर्सची मोटर घ्यावी की साडेसातची एवढेच विचारतो, आणि हे माप त्याने इंजिनाकडूनच घेतलेले आहे. भारनियमनाच्या वर्षांत कोणी गोठ्यातले इंजिन पुन्हा बाहेर काढले, तर हँडल मारणारा जाणता हात शोधण्यासाठी शेजारच्या गावी निरोप धाडावा लागत असे.