पहिल्या पसंतीचा इतिहास

विद्येच्या क्षेत्रांत कोणती संस्था श्रेष्ठ हें ठरविण्याचा अधिकार पंडितांचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पण इतिहास पाहूं गेल्यास हा अधिकार पुष्कळदां विद्यार्थ्यांनींच बजावलेला दिसतो, आणि कायद्याच्या शिक्षणाच्या बाबतींत तर ही गोष्ट विशेष स्पष्टपणें नजरेस येते. दर वर्षीं प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला म्हणजे उमेदवार आपापल्या पसंतीप्रमाणें विद्यापीठांच्या नांवांची उतरंड रचून देतात. ज्याचा क्रमांक वरचा त्यास त्याच्या यादींतील वरचें नांव मिळतें. आणि कोणत्या विद्यापीठाच्या जागा कितव्या क्रमांकापाशीं संपल्या यावरून त्या विद्यापीठाची त्या वर्षाची पत ठरते. ही यादी कोणी विद्वत्सभा भरवून केलेली नसते. तरी तिचा दरारा विद्वत्सभेच्या ठरावाहून मोठा आहे. ती कशी बनली, तिच्या शिरोभागींचें नांव वेळोवेळीं कां बदललें, आणि त्या बदलांत अध्यापनाच्या गुणवत्तेचा वांटा किती, एवढ्याच प्रश्नांचा येथें विचार करावयाचा आहे.

आपल्याकडे या कथेचा आरंभ मुंबईस होतो. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी हे स्वदेशीं परत गेल्यावर त्यांच्या नांवानें जमलेल्या निधींतून न्यायशास्त्राची एक अध्यापकी निर्माण झाली, आणि १८५५ सालीं कायद्याचे वर्ग सुरू झाले. पुढें गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आलें तें हेंच विद्यालय. मुंबई विद्यापीठ त्यानंतर दोन वर्षांनीं, म्हणजे १८५७ सालीं, आणि हायकोर्ट १८६२ सालीं स्थापन झालें. म्हणजे विद्यापीठाच्या व हायकोर्टाच्याही आधीं कायद्याचा वर्ग अस्तित्वांत होता. रानड्यांनीं १८६६ सालीं व टिळकांनीं १८७९ सालीं एलएल. बी. ची पदवी घेतली. त्या काळच्या सुशिक्षिताला या पदवीची ओढ कां वाटे, याचें कारण उघड आहे. सरकारी नोकरींत न शिरतां मान, पैसा व वाणीचें स्वातंत्र्य हीं तिन्ही एकत्र मिळण्याचें ठिकाण वकिलीवांचून दुसरें जवळजवळ नव्हतें. विद्यालयाची निवड हा प्रश्नच तेव्हां नव्हता. दार एकच होतें आणि तेंच लोकप्रिय होतें.

परंतु ज्याला ऐपत होती त्याची पहिली पसंती मुंबईहि नव्हती. ती होती लंडन. तेथील 'इन्स ऑफ कोर्ट'मध्यें ठराविक भोजनें घेऊन सत्रें भरावयाचीं, परीक्षा द्यावयाची आणि बॅरिस्टर होऊन परत यावयाचें, हा मार्ग खर्चाचा खरा, पण त्याचा मान मोठा होता. गांधीजी इनर टेंपलमधून १८९१ सालीं बॅरिस्टर झाले. डॉक्टर आंबेडकरांनीं ग्रेज इनमधून ती पदवी घेतली. बॅरिस्टरीचा अभ्यास येथील एलएल. बी. पेक्षां कठीण होता म्हणून तिचा मान मोठा, असें मुळींच नव्हे. गांधीजींनीं स्वतःच आपल्या आत्मचरित्रांत त्या परीक्षांच्या सोपेपणाविषयीं लिहिलें आहे. मान होता तो त्या पदवीनें उघडणाऱ्या दाराचा. या इतिहासांतील पहिला धडा हाच, आणि तो पुढें पुन्हा पुन्हा गिरवावा लागतो.

या काळाचें आणखी एक अंग लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पदवीच्या खालीं हायकोर्ट वकिलीच्या व जिल्हा वकिलीच्या परीक्षा असत, आणि मध्यम स्थितींतील तरुणाची मदार मुख्यतः त्यांवर असे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यानंतर टिळकांनीं पुण्यास जो कायद्याचा वर्ग चालविला तो या परीक्षार्थींसाठींच. आज गांवोगांवीं दिसणाऱ्या प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीवर्गांस पूर्वज शोधावयाचाच झाल्यास तो असा घरांतच सांपडतो. फरक एवढाच कीं तो वर्ग वकिली करूं देणाऱ्या परीक्षेसाठीं होता, आणि आजचे वर्ग केवळ शिकूं देणाऱ्या परीक्षेसाठीं आहेत. परीक्षेचें महत्त्व शिक्षणाच्या शेवटाकडून आरंभाकडे सरकलें, हा गेल्या शतकांतील सर्वांत मोठा पालट होय.

पुण्यांत १९२३ सालीं इंडियन लॉ सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षीं तिनें आपलें लॉ कॉलेज काढलें. धर्मशास्त्राचे व्यासंगी जगन्नाथ रघुनाथ घारपुरे हे त्याचे पहिले प्राचार्य. मुंबईचा खर्च न झेपणाऱ्या देशावरच्या विद्यार्थ्यास ही मोठी सोय झाली. येथून बाहेर पडलेल्यांपैकीं गजेंद्रगडकर व यशवंतराव चंद्रचूड हे दोघे पुढें भारताचे सरन्यायाधीश झाले. इकडे मुंबईच्या विद्यालयाचें प्राचार्यपद १९३५ ते १९३८ पर्यंत डॉक्टर आंबेडकरांकडे होतें. अशा रीतीनें स्वातंत्र्यापूर्वींच्या पंचवीस वर्षांत मुंबई व पुणें या दोन विद्यालयांस जो लौकिक लाभला, तो पाहिल्यास हीं स्थानें अढळ आहेत असें कोणासही वाटलें असतें.

तीं अढळ राहिलीं नाहींत, आणि त्याचें कारण त्यांच्या चार भिंतींच्या आंत शोधून मिळणार नाहीं. स्वातंत्र्यानंतर देशानें धरणें, कारखाने व प्रयोगशाळा बांधण्यास आरंभ केला. १९५१ सालीं खरगपूरास व १९५८ सालीं पवईस तंत्रविद्येच्या संस्था निघाल्या, आणि बुद्धिमान मुलाच्या बापाची महत्त्वाकांक्षा न्यायालयाकडून यंत्रशाळेकडे व रुग्णालयाकडे वळली. कायदा हा पदवीनंतर सकाळीं वा सायंकाळीं, नोकरी संभाळून करावयाचा अभ्यास होऊन बसला. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगानें १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालांत कायद्याच्या शिक्षणाच्या या अवनतीवर कडक ताशेरे ओढले. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टानें वकिलांच्या निरनिराळ्या पायऱ्या मोडून सर्वांचा एकच वर्ग केला व शिक्षणाचें मान ठरविण्याचें काम बार कौन्सिलकडे सोंपविलें. कायदा सुधारला, पण उमेदवार परत येईनात. ज्या विद्यालयांत प्रवेशासाठीं कोणी झगडत नाहीं, त्याची लोकप्रियता मोजण्याचें साधनच उरत नाहीं. आणि या तीस वर्षांत कायद्याच्या बहुतेक विद्यालयांची अवस्था अशी होती.

हा प्रवाह उलटा फिरविण्याचा यत्न बंगळूरास झाला. कर्नाटक विधिमंडळानें १९८६ सालीं केलेल्या कायद्यान्वयें 'नॅशनल लॉ स्कूल' स्थापन झालें आणि १९८८ सालीं त्याचा पहिला वर्ग भरला. दिल्ली विद्यापीठांतील अध्यापक माधव मेनन हे त्याचे संस्थापक संचालक. बारावीनंतर पांच वर्षांचा सलग अभ्यासक्रम, समाजशास्त्रांची जोड, विद्यार्थ्यांस वसतिगृहांत राहणें आवश्यक, आणि प्रवेश केवळ स्वतंत्र परीक्षेनें, असा त्याचा थाट होता. समाजाची सेवा करणारे वकील निर्माण व्हावेत हा मेनन यांचा हेतु त्यांनीं वारंवार बोलून दाखविला होता. पण दैवाची योजना अशी कीं, १९९१ सालीं देशाचें आर्थिक धोरण पालटलें आणि १९९३ सालीं या विद्यालयाची पहिली तुकडी बाहेर पडली. परदेशी भांडवल, कंपन्यांचे करार व मोठमोठ्या वकिली पेढ्या यांस नेमक्या त्याच वेळीं इंग्रजींत पारंगत अशा तरुणांची गरज होती. विद्यालय एका हेतूनें निघालें व लोकप्रिय झालें दुसऱ्याच कारणानें. लंडनच्या बाबतींत जें घडलें होतें, तेंच येथें नव्या वेषांत घडलें: दार उघडलें, आणि उमेदवारांनीं त्या दाराच्या नांवाला पहिलें स्थान दिलें.

हें यश पाहून इतर राज्यांनींही तोच कित्ता गिरविला. भोपाळ १९९७, हैदराबाद १९९८, कोलकाता व जोधपूर १९९९, रायपूर व गांधीनगर २००३, अशीं राष्ट्रीय विधि विद्यापीठें एकामागून एक निघालीं. प्रत्येकाची परीक्षा निराळी, शुल्क निराळें, गांव निराळें. क्वचित् दोन परीक्षांचे दिवसहि एक. हा त्रास सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर २००८ सालीं सात विद्यापीठांनीं मिळून एकच परीक्षा घेतली. तीच 'क्लॅट'. सोय म्हणून काढलेल्या या परीक्षेनें नकळत एक मापदंड निर्माण केला. तोंवर बंगळूर चांगलें कीं हैदराबाद, हा वादाचा विषय होता. आतां एकाच यादींतील मुलांनीं कोणतें नांव आधीं लिहिलें हें आंकड्यांनीं दिसूं लागलें.

त्या यादीचा क्रम सामान्यतः जन्मक्रमाप्रमाणें लागला. बंगळूर पहिलें, हैदराबाद दुसरें, कोलकाता तिसरें, ही मांडणी दीर्घकाळ रूढ झाली. पण अपवादच अधिक बोलके आहेत. भोपाळचें विद्यापीठ वयानें दुसरें. तथापि पसंतींत तें दुसरें राहूं शकलें नाहीं. हैदराबादेस रणबीर सिंग यांच्यासारखा संस्थापक दहा वर्षें लाभला, आणि कोलकात्यास खुद्द मेनन गेले. म्हणजे कांहीं अंशीं उमेदवारांनीं गांवाची नव्हे, माणसाची निवड केली. २००८ सालीं दिल्लीस नवें विद्यापीठ निघालें, त्याचे पहिले कुलगुरुहि रणबीर सिंगच. त्यानें आपली परीक्षा निराळी ठेवली, आणि थोड्याच वर्षांत वरच्या क्रमांकाचे कित्येक उमेदवार जुन्या विद्यापीठांस सोडून तिकडे वळूं लागले. महाराष्ट्राचें पहिलें राष्ट्रीय विधि विद्यापीठ मुंबईस २०१४ सालीं स्थापन झालें. पुढें नागपूर व औरंगाबाद येथेंही तशींच निघालीं. मुंबईच्या या विद्यापीठानें अल्पावकाशांत आपल्याहून वडील अशा कित्येक संस्थांस पसंतींत मागें टाकलें. तेथील ग्रंथालय एकाएकीं मोठें झालें होतें असें नव्हे. हायकोर्ट, मोठ्या पेढ्या आणि कंपन्यांच्या कचेऱ्या त्याच शहरांत होत्या.

पहिल्या स्थानाचा एक मद असतो. २०२० सालच्या साथीच्या काळांत सामायिक परीक्षा वारंवार लांबणीवर पडूं लागली, तेव्हां बंगळूरनें एकाएकीं आपली स्वतंत्र परीक्षा जाहीर करून घेतलीही. २१ सप्टेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द ठरविली, आणि बंगळूरास सामायिक परीक्षेच्या निकालावरूनच प्रवेश द्यावे लागले. आपण एकटे निघालों तरी उमेदवार आपल्या मागून येतील हा त्या संस्थेचा विश्वास खोटा नव्हता. पण मधल्या मुलांचें काय, हा प्रश्न न्यायालयास विचारावा लागला.

आतां या यादीचा अर्थ किती घ्यावा? जागा वाढल्या कीं शेवटचा क्रमांक आपोआप खालीं सरकतो. राज्यांतील रहिवाशांसाठीं जागा राखल्या कीं आंकडे आणखीच बदलतात. शिवाय हुशार मुलें पहिलें नांव लिहितात म्हणून पेढ्या तेथें जातात, आणि पेढ्या तेथें जातात म्हणून हुशार मुलें तेंच नांव लिहितात. या चक्रांत अध्यापक कोठें आहे? तो नाहीं असें नव्हे; पण चक्र फिरण्यासाठीं त्याची गरज थोडी आहे. लोकप्रियता हें गुणवत्तेचें प्रतिबिंब नव्हे. अपेक्षेचें प्रतिबिंब होय.

आणि अपेक्षा बाळगण्याचा अधिकार तरी सर्वांस सारखा कोठें आहे? अलीकडच्या वर्षांत या परीक्षेच्या नुसत्या अर्जास सर्वसाधारण उमेदवारास ४,००० रुपये मोजावे लागले; शिकवणी व पुढील पांच वर्षांचा लाखांनीं मोजावयाचा खर्च निराळाच. परीक्षेची भाषा केवळ इंग्रजी. कोलकात्याचे अध्यापक शमनाद बशीर यांनीं २०१० सालीं वंचित मुलांस या विद्यापीठांत पोंचविण्याची चळवळ सुरू केली ती हें व्यंग ओळखूनच. आमच्या तालुक्याच्या न्यायालयांत वाद मराठींत चालतो, साक्ष मराठींत होते, पक्षकाराचें दुःख तर मराठीवांचून दुसऱ्या भाषेंत सांगतांच येत नाहीं. त्या पक्षकाराचा वकील कोठें तयार होतो? पहिल्या पसंतीच्या विद्यापीठांत बहुधा नव्हे. तो तयार होतो जिल्ह्याच्या विद्यालयांत. महाराष्ट्रानें २०१६ पासून आपली राज्यस्तरीय प्रवेशपरीक्षा सुरू केली. तींतून मुंबईच्या जुन्या सरकारी विद्यालयास आजही मोठी मागणी आहे, कारण तेथील शुल्क अल्प आहे आणि शिकतां शिकतां एखाद्या वकिलाच्या हाताखालीं काम करण्याची सवड मिळते. परंतु त्याखालच्या विद्यालयांची चिंता कोण करतो?

पावणेदोनशें वर्षांच्या या इतिहासांत पहिलें स्थान लंडनकडून मुंबई-पुण्याकडे आलें, तेथून कायद्यालाच सोडून गेलें, आणि बंगळूरास परतलें. दर वेळीं तें हललें तें दार हललें म्हणून. उद्यां तें पुन्हा हलेल, आणि उमेदवार शहाणपणानें नव्या दाराकडे जातील. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. सतरा वर्षांच्या मुलानें आपल्या पोटाचा विचार करूनच यादी लिहावी. पण समाजानें त्याच यादीवरून आपला विचार करूं नये. कोणत्या विद्यालयास उमेदवार अधिक मागतात हें परीक्षा सांगते. कोणत्या विद्यालयाची आपणांस अधिक गरज आहे हें ती सांगूं शकत नाहीं. तें ठरविण्याचें काम समाजाचेंच आहे.