फावला वेळ, ठाणे जिल्हा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर अधूनमधून एक कागद लागतो. 'वारली पेंटिंग वर्कशॉप. रविवार, सकाळी १० ते १. साहित्य दिलं जाईल.' मग रविवारी क्लब हाउसमध्ये बँकवाले, टेस्टिंगवाले, एचआरवाले असे सगळे जमतात आणि मातीच्या कुंडीवर, कापडी पिशवीवर, नाहीतर जुन्या सीडीवर दोन त्रिकोण जोडून माणूस काढतात. तासाभरात तारपा नाच तयार. फोटो, स्टेटस, घरी जाऊन जेवण.

यात वाईट काहीच नाही. आठवडाभर कीबोर्ड बडवणाऱ्या हातांना जरा वेगळं काम मिळतं, उलट चांगलंच आहे. पण त्या तीन तासांत आपण दोन गोष्टी अगदी फुकटात मिळाल्यासारख्या वापरत असतो. एक म्हणजे ती चित्रं. आणि दुसरी म्हणजे चक्क रविवार! दोन्हींसाठी कुणीतरी किंमत मोजलेली आहे, आणि दोन्ही गोष्टींचा पत्ता आपलाच निघतो, म्हणजे जुना ठाणे जिल्हा. आज त्याबद्दल थोडं.

आधी शब्दच बघा ना. आपण सहज म्हणतो, 'फावल्या वेळात काहीतरी करतो.' फावणे म्हणजे मिळणे, साधणे, सवड होणे. म्हणजे फावला वेळ हा मुळात पडून असलेला वेळ नव्हेच, तो कसाबसा हाताला लागलेला वेळ. हल्ली आपण 'त्याचं बरं फावलं' असं जरा टोमणा मारूनच म्हणतो, तेही उगाच नाही. दुसऱ्याला वेळ मिळाला की माणसाच्या डोळ्यांत खुपतंच.

आता रविवार. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, आपल्या ठाण्यातला. आधी रेल्वेत आणि पोस्टात नोकरी, मग मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधु' हे पत्र मुंबईतून चालवलं. स्टोअरकीपर असल्यामुळे गिरणीत काय चालतं ते रोज समोर दिसत होतं. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नाही. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा फक्त लहान मुलांपुरता होता. मोठ्या माणसाने किती तास राबावं याबद्दल कायदा गप्प.

१८८४ मध्ये लोखंड्यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन सरकारकडे दिलं. मागण्या वाचल्या तर आज हसू येईल इतक्या साध्या. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात. कामावर इजा झाली तर भरपाई. बस्स.

हे मिळायला सहा वर्षं लागली. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार बायकांनीही भाषणं केली. १८९० साली, हे लक्षात घ्या. शेवटी १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. मोठ्या पुरुषाचा दिवस कायद्याने १२ तासांवर यायला मात्र १९११ साल उजाडावं लागलं, आणि आठवडा ४८ तासांवर यायला चाळीसचं दशक.

लोखंडे १८९७ साली गेले. २००५ मध्ये पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं. ज्या पोस्टात त्यांनी नोकरी केली त्याच पोस्टाने. असो.

पण हा रविवार पोचला कुठपर्यंत? गिरण्यांपर्यंत, कचेऱ्यांपर्यंत, शाळांपर्यंत. याच ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, डहाणू-तलासरी-जव्हारच्या जंगलपट्टीत, तो काही पोचला नव्हता. (१ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता.) तिथे वारली लोकांना वेठ करावी लागे. वेठ म्हणजे बिनपगारी सक्तीचं काम. जमीनदाराची नांगरणी, लावणी, गवत कापणी आधी, स्वतःच्या शेताचं नंतर, पाऊस उरला तर. नाही म्हटलं की मार. ही काही नंतर रचलेली गोष्ट नाही. सिमिंग्टन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या शेवटी सरकारला जो अहवाल दिला त्यातही वेठीचं वर्णन आहे.

आणि इथेच आपल्या कुंडीवरचं ते चित्र गोष्टीत येतं.

वारली चित्र मुळात छंद म्हणून काढलेलं चित्र नव्हतंच. ते लग्नाचं चित्र. शेणामातीने आणि गेरूने सारवलेली भिंत, त्यावर तांदळाच्या पिठाचं पांढरं पाणी, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. भिंतीवर चौक, चौकाच्या आत पालघाट देवी. काढायचा मान सवाशिणींचा. गाणी म्हणून लग्न लावणारीही बाईच, तिला धवलेरी म्हणतात. चौक नाही तर लग्न नाही. आणि वारली माणूस चौक 'काढला' म्हणत नाही, चौक 'लिहिला' म्हणतो. म्हणजे ते चित्र कमी आणि दस्तऐवज जास्त. ही दोन माणसं आजपासून एकत्र, देवीच्या साक्षीने.

पण लग्नाला पैसे लागतात. ते कुठून आणायचे? जमीनदाराकडून. आणि कर्ज फिटेपर्यंत नवरा आणि नवी नवरी, दोघांनी त्याच्याकडे राबायचं. अशा माणसाला शब्दच होता, 'लग्नगडी'. कर्ज फिटलं की नाही हे सांगणार कोण, तर जमीनदार. त्यामुळे ते बऱ्याचदा फिटायचंच नाही. थोडक्यात, ज्या दिवशी भिंतीवर तो सुंदर चौक लिहिला जायचा, त्याच दिवशी त्या जोडप्याचा वेळ दुसऱ्याच्या नावावर व्हायचा. हे वाचल्यापासून वारली नक्षीचा चहाचा मग हातात घेताना मला जरा वेगळंच वाटतं.

याचा शेवट जिथून सुरू झाला ते गाव तर आपल्या लोकलच्या इंडिकेटरवर दिसतं. टिटवाळा! जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद झाली. उंबरगाव तालुक्यातून काही वारली तिथे आले होते, त्यांच्यात माह्या धांगडा होता. त्याने तिथे आपल्या भागातली परिस्थिती सांगितली. त्यानंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या भागात गेले. २३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरी गावात सुमारे पाच हजार वारली जमले आणि ठरलं, यापुढे वेठ करायची नाही, फुकट काम करायचं नाही. मग लोक लाल बावटा घेऊन गावोगाव फिरले आणि लग्नगड्यांना मोकळं करत गेले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहून ठेवलंय, १९७० चं पुस्तक. टिटवाळ्याला गणपतीला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल?

जिव्या सोमा मशे यांचा जन्म १९३४ चा, याच तलासरी भागातला. म्हणजे झरीची सभा झाली तेव्हा ते अकराएक वर्षांचे. आई लहानपणीच गेली आणि मुलगा बोलेनासा झाला, नुसता धुळीत चित्रं काढायचा. चौक लिहिणं हे बायकांचं काम, हा मुलगा असून करतोय, लग्नकार्य नसताना करतोय! सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले. हेच कुलकर्णी त्याआधी बिहारच्या दुष्काळात, १९६६-६७ च्या सुमाराला, मधुबनीला गेले होते आणि तिथल्या बायकांना त्यांनी भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला लावली होती, म्हणजे विकून चार पैसे मिळतील. इथेही तसंच झालं. १९७५ मध्ये मशेंची चित्रं मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत लागली, १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ ला पॅरिसचं मोठं प्रदर्शन, २०११ ला पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला जीआय मिळाला.

हे सगळं छानच झालं. वेठीच्या मुलुखात जन्मलेल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या वेळेचे, स्वतःच्या हाताचे पैसे आणि नाव मिळालं. पण एक गोष्ट खटकते. चित्र भिंतीवर, बिनपैशाचं, बिननावाचं होतं तोवर ते बायकांचं होतं. कागदावर आलं, खाली सही आली, पैसे आले, तसे पुरुष पुढे आले. मशेंचा यात दोष नाही, ते तर पैशाचा विचारही नव्हता तेव्हापासून धुळीत रेघोट्या मारत होते. हे फक्त वारल्यांचंही नाही. आपल्याकडे रोजचा स्वयंपाक आईचा आणि हॉटेलातला शेफ पुरुष, तसंच हे.

आता आपल्याकडे वळू. इंजिनियर आहे म्हणून हिशोब मांडतो. आठवड्याचे तास १६८. झोप ७ तासांनी ४९. ऑफिस ५०. डोंबिवलीहून जाऊन-येऊन रोज साडेतीन तास धरले तर साडेसतरा. अंघोळ, जेवण, दळण, बिलं यांना ३० द्या. उरले साधारण २१, आणि त्यातले बरेच शनिवार-रविवारचे. आपली चित्रकला, ओरिगामी, दिवाळीचा कंदील, पोरांबरोबरचा मातीचा किल्ला, सगळं या २१ मध्ये. २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. घ्या वजा करून, उरला एक तास :) २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन ९० तासांवर पोचले, रविवारसकट. मग तर हिशोब उणेच जातो. लोखंड्यांचं निवेदन पुन्हा टाईप करायची वेळ येते की काय!

याला 'टाइम मॅनेजमेंट' म्हणून सोडून देता येत नाही. हाताने काहीतरी करायला कौशल्य नंतर लागतं, आधी आपल्या नावावरचा वेळ लागतो. तो गिरणीत सह्यांनी मिळाला, तलासरीत गोळ्या खाऊन मिळाला. आपल्याला ऑफर लेटरमध्ये आयता मिळाला, म्हणून 'रविवारी जरा लॉगिन करशील का' ला आपण चटकन हो म्हणतो.

दुसरं म्हणजे, वर्कशॉपला आपण गेलो तेव्हा घरी कुकर कुणी लावला? ज्या घरात हा प्रश्न विचारला जात नाही तिथे १० जून १८९० अजून यायचा आहे.

सोसायटीचं वर्कशॉप ठरवणाऱ्यांना एक साधी विनंती. इंटरनेटवरून नक्षी उतरवून घेण्यापेक्षा डहाणू-जव्हारकडच्या एखाद्या वारली चित्रकार बाईला बोलवा. मानधन ठरवताना घासाघीस करू नका, आणि येण्याजाण्याच्या वेळेचेही पैसे द्या. तो वेळ तिचा आहे. मग शिकवून झालं की चहा पिताना विचारा, तुमच्या घरच्या लग्नात चौक कुणी लिहिला होता?