पाणी न तापवणारा उजेड

मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, किल्ल्याच्या पायथ्याचं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. आमचं दुकानही भांड्यांचंच. पण गल्ल्याशेजारी माशांची दोन फुटी टाकी ठेवायची आमच्याकडे जुनी रीत आहे, आणि त्या टाकीवरच्या दिव्याची गोष्ट मला घागरी-हंड्यांच्या गोष्टीइतकीच जवळची आहे.

खेड्यापाड्यांत आधी आले ते गप्पी मासे. डासांच्या अळ्या खातात म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते भारतात आणले गेले. 1928 साली इटलीहून गंबुशिया आले. आरोग्य खात्याची माणसं हे मासे विहिरीत, हौदात सोडत. तिथं दिव्याचं कामच नव्हतं, वर ऊन होतं. दिव्याची गरज पडली ती मासे घरात आल्यावर. आमची जुनी घरं धाब्याची. जाड मातीच्या भिंती, खिडक्या लहान. उन्हाळ्यात गारवा भरपूर, पण आत दुपारीही अंधार. 1850 साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टनने गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकाच काचपात्रात टिकवून दाखवल्या, ते उजेडाच्या जोरावर. उजेड मिळाला तरच वनस्पती प्राणवायू सोडते. धाब्याच्या घरात तो उजेड विकतच घ्यावा लागला.

आमच्याकडे पहिली टाकी घरातल्या आप्पांनी आणली. लोखंडी अँगलची चौकट, कडांना लांबी भरलेली, वर पत्र्याचं झाकण आणि झाकणात चाळीस वॅटचे दोन पिवळे बल्ब. असा बल्ब विजेचा जेमतेम विसावा हिस्सा उजेडात बदलतो, बाकी सगळी उष्णता. म्हणजे ऐंशी वॅटपैकी पंचाहत्तरच्या आसपास वॅट त्या पत्र्याखाली कोंडलेले. मे महिन्यात धुळ्याचा पारा 43-44 वर गेला की आजी ओट्यावरून ओरडायची, "दिवा बंद कर रे, पानी तपी गयं!" तिचं निदान अचूक होतं. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 35 अंशांना सातच्याही खाली येतो. मासे वर येऊन तोंडं उघडत ते भुकेने नव्हे. थंड देशांत दिव्याची ऊब कामी येत असेल. आमच्या खानदेशात तीच माशांच्या जिवावर उठते. टाकीचा दिवा निवडताना आम्ही सौंदर्याआधी उष्णता पाहतो, ते या अनुभवातून.

मग ट्यूब आली. पत्रा कमी तापू लागला, पण चोक गरम होईच, आणि भारनियमनाच्या वर्षांत दिवा, हवेचा पंप दोन्ही एकदम बंद पडत.

एलईडीची वाट लांबची आहे. निक होलोन्याक यांनी 1962 साली लाल एलईडी दाखवला. लख्ख निळा एलईडी बनायला त्यानंतर तीसेक वर्षं लागली. तो निळा मिळाल्यावरच त्यावर पिवळा लेप देऊन पांढरा उजेड काढता आला. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 साली नोबेल मिळालं ते या निळ्यासाठी. त्यानंतर जानेवारी 2015 मध्ये केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली, एलईडी बल्ब घरोघर गेले, आणि माशांच्या टाकीवरही लोक तोच बल्ब लावू लागले. मला हा बदल फार मोठा वाटतो. दहा वॅटच्या एलईडी पट्टीत साधारण हजार ल्युमेन उजेड मिळतो, त्या दोन पिवळ्या बल्बांपेक्षाही जास्त. आणि जी थोडी उष्णता होते, ती पट्टीच्या पाठीकडून हवेत जाते.

सोपी झाडं असलेल्या टाकीला लिटरमागे वीसेक ल्युमेन पुरतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत जेमतेम 56 लिटर पाणी बसतं, म्हणजे दहा-बारा वॅटची पट्टी खूप झाली. रंग 6500 केल्विनचा, दिवसाउजेडासारखा. दुकानातली टाकी पाहून गिऱ्हाइकं निळ्या-जांभळ्या, रिमोटने रंग बदलणाऱ्या पट्ट्यांबद्दल विचारतात. ज्या खोक्यावर ल्युमेन छापलेले नाहीत ती पट्टी मी कुणालाही घेऊ देत नाही.

स्वस्त उजेडाचा एक धोका आहे: लोक तो रात्रभर चालू ठेवतात. मग काच हिरवी होते आणि कुणीतरी मोरचूद टाकायला सांगतं. तांबटांच्या गावात राहून एवढं तरी ठणकावून सांगायला हवं की मोरचूद म्हणजे तांबंच. ते शेवाळ मारतं, पण गोगलगायी आणि कोळंबीही मारतं, प्रमाण चुकलं तर मासेसुद्धा. आमच्या हंड्यात साठवलेलं पाणीही आम्ही टाकीत ओतत नाही. शेवाळ वाढलं तर दिव्याचे तास कमी करावेत. टायमर लावून सहा-सात तासच उजेड द्यावा. पट्टी घेताना तिला पाणी लागलं तरी चालेल ना, ते विचारावं. अडॅप्टर झाकणावर न ठेवता भिंतीवर उंच लावावा आणि वायरीला सॉकेटच्या खाली एक सैल वळसा सोडावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न शिरता तिथूनच खाली गळतं.