वाकलेला पाय सरळ करता येतो का?

हजार किलोग्रॅम वस्तुमानाचे एक छोटे विमान सेकंदाला दोन मीटर वेगाने खाली येत धावपट्टीला टेकले, असे समजू. टेकणे जरा जोरातच झाले. या खाली येण्याच्या गतीची ऊर्जा आपल्या नेहमीच्या सूत्राने २००० ज्यूल भरते. विमान २० सेंटिमीटर उंचीवरून सोडून दिले असते तरी साधारण एवढीच ऊर्जा मिळाली असती. ही ऊर्जा क्षणभर कुठेतरी साठवावी लागते, नाहीतर तिचा मार विमानाच्या सांगाड्याला बसतो.

१९३० च्या दशकातील बऱ्याच हलक्या विमानांत हे काम रबर करी. १९३८ सालच्या पायपर कब जे-३ चे पाय पोलादी नळ्यांचे, व्ही आकाराचे आणि बिजागरीवर हलणारे होते. चाके फाकू लागली की रबरी दोरांची वेटोळी ताणली जात. रबर उन्हातेलाने लवकर खराब होई. पण नळी वाकली तर तेवढा भाग कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडता येत असे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश नावाचे गाव आहे. तेथील विमानतळाचे व्यवस्थापक स्टीव्ह विटमन हे स्वतः विमाने बांधत आणि शर्यतींत उडवीत. शर्यतीच्या विमानात प्रत्येक जादा नळी हवेला अडवते. विटमन यांनी नळ्या, बिजागऱ्या, रबर हे सगळेच काढून टाकले आणि प्रत्येक बाजूला स्प्रिंगच्या पोलादाचा एकच पाटा लावला. वरचे टोक विमानाच्या पोटाशी पक्के, खालच्या टोकाला चाक. मालमोटारीच्या चाकावर कमानीचे पाटे असतात, त्यांतलाच एक जाड पाटा म्हणा ना! या कल्पनेचे हक्क सेसना कंपनीने घेतले आणि १९४६ च्या सेसना १४० पासून तिच्या विमानांना असे पाय दिसू लागले. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांच्या परिचयाच्या सेसना १७२ लाही आधी असेच चपटे पाय होते; १९७१ पासून त्यांच्या जागी निमुळत्या पोलादी नळ्या आल्या.

हलणारा एकही भाग नाही, तेल नाही, रबर नाही. मात्र हा पाय एकदा वाकला की कारागिरापुढे मोठा पेच उभा राहतो.

लोहार कोयता तापवून पाण्यात बुडवतो, त्याला आपण 'पाणी देणे' म्हणतो. विमानाच्या पायाचे क्रोमियम-व्हॅनेडियम पोलादही असेच घडते. ते सुमारे ८५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तेलात झटकन थंड करतात. आता ते कडक झाले, पण ठिसूळही. म्हणून ते पुन्हा, साधारण ४५० ते ५५० अंशांपर्यंत, तापवून ठिसूळपणा कमी करतात. अशा पोलादाची स्थितिस्थापकतेची मर्यादा साध्या पोलादाच्या जवळपास पाचपट असते. साठवता येणारी ऊर्जा या मर्यादेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती पंचवीसपट होते. पाट्याची सगळी करामत या पंचवीस आकड्यात आहे.

वाकलेला पाय गॅसच्या ज्योतीने तापवून ठोकून सरळ केला तर? पोलाद अंधूक लाल दिसू लागते तेच मुळी साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास. म्हणजे लाली दिसली की पाणी उतरायला लागलेच. आणि यातली खरी मेख पुढेच आहे. पाणी उतरले तरी यंगचा गुणांक जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे सरळ केलेला पाय विमानाच्या वजनाखाली पूर्वीइतकाच लवतो, पूर्वीसारखाच दिसतो. डोळ्यांना किंवा हाताला काहीही कळत नाही. मर्यादा मात्र पार खाली आलेली असते आणि ते कळते पुढच्या जोराच्या टेकण्याला, त्यातही विमानात माणसे बसलेली असताना. (वर्गात हे सेफ्टी पिनवर दाखवता येते. पोलादी पिन ज्योतीत लाल करून हवेत निवू द्यावी. मग ती दाबली की दबलेलीच राहते. मात्र पिनेच्या तारेला कडकपणा बहुधा थंड स्थितीत ओढल्याने आलेला असतो, हे मुलांना सांगावे.)

बरे, न तापवता प्रेसखाली दाबून सरळ केला तर पाणी उतरत नाही. पण येथे म्युनिकचे योहान बाउशिंगर आडवे येतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूंच्या कसोट्या घेताना त्यांना आढळले, की मर्यादेपलीकडे एका दिशेने ताणलेला धातू उलट दिशेने आधीपेक्षा कमी बलाला हार खातो. चाक वर रेटले जाते तेव्हा पाट्याची खालची बाजू ताणली जाते. सरळ करताना हीच बाजू कायमची दाबावी लागते. साहजिकच पुढच्या खेपेला ती ताणाला लवकर बळी पडते. शिवाय प्रेस उचलल्यावर पाट्याचा उसळून मागे येण्याचा प्रयत्न अपुरा पडतो आणि खालच्या पृष्ठभागात थोडा ताण कायमचा उरतो. सेसनाच्या पाट्यांची खालची बाजू कारखान्यातच बारीक गोळ्यांच्या माऱ्याने दाबलेली असते, कारण दाबाखालच्या पृष्ठभागावर भेग सहसा वाढत नाही. सरळ करण्याच्या खटाटोपात हे कवचही निकामी होऊ शकते.

शास्त्रोक्त दुरुस्ती म्हणजे पाय नरम करायचा, आकार द्यायचा, पुन्हा पाणी द्यायचे, गोळ्यांचा मारा करायचा आणि चुंबकीय भुकटीने भेगा तपासायच्या. पोलाद चुंबकित केले की भेगेपाशी बलरेषा बाहेर फुटतात व भुकटी तेथे गोळा होते. ही पद्धत १९३० च्या दशकापासून कारखान्यांत रुळली. पण एवढे सगळे करण्यापेक्षा नवा पाय बसवणे बहुधा शहाणपणाचे, असे आम्हांला वाटते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या १९९८ च्या दुरुस्ती-पुस्तिकेतही पोलादी पाट्याचा पाय सर्वसाधारणपणे दुरुस्त न होणारा भाग धरला असून, तो फार वाकला तर बदलावा असे म्हटले आहे.

पाय थोडासाच वाकला असेल तर तो ओळखायचा कसा? दोन्ही टाक्यांत सारखे इंधन आणि टायरांत सारखी हवा भरून, विमान सपाट जमिनीवर थोडे पुढेमागे ढकलून उभे करतात. नुसते एकाच दिशेने ढकलत आणले तर टायर ओढलेले राहू शकतात आणि माप चुकते. मग दोन्ही पंखांच्या टोकांची जमिनीपासूनची उंची मोजतात. एक बाजू सतत खाली राहत असेल आणि त्या बाजूचा टायर एकाच कडेला झिजत असेल, तर पाय उतरवून तपासायला घेतात.