रिंगणातून लिनक्सकडे

दलाल स्ट्रीटच्या इतिहासात 14 मार्च 1995 ही तारीख ठळक आहे. त्या दिवशी मुंबई शेअर बाजारात ‘बोल्ट’ ही संगणकी व्यवस्था सुरू झाली आणि टाउन हॉलजवळच्या वडाखाली जन्मलेला, पुढे फिरोज जीजीभॉय टॉवर्सच्या रिंगणात स्थिरावलेला आरडाओरड्याचा सौदा काही आठवड्यांत संपला. 1875 पासून संघटितपणे चाललेल्या या बाजाराने घसा, हातवारे आणि चोपडी सोडून पडदा आणि कीबोर्ड धरला. हा बदल सर्वांनी पाहिला, त्यावर लिहिलेही गेले. त्यानंतर एकोणीस वर्षांनी याच इमारतीत दुसरे स्थलांतर झाले. ते फारसे कोणाला दिसले नाही, कारण या खेपेला माणसे जागची हलली नव्हती. बदलली होती ती सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम.

बोल्ट चालत असे टँडम कंपनीच्या यंत्रांवर. 1974 साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या या कंपनीचे एकच ब्रीद होते: यंत्र बंद पडता कामा नये. प्रत्येक महत्त्वाचे काम दोन प्रोसेसरांच्या जोडीवर चाले. पहिला हिशेब करी आणि आपण कुठवर आलो, हे दुसऱ्याला सतत कळवत राही. पहिला कोसळला, की दुसरा त्याच ओळीपासून काम उचले. बँका आणि शेअर बाजार यांना असेच यंत्र हवे होते. मात्र यंत्र, ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेस हे सगळे एकाच घरचे. ते सॉफ्टवेअर दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर उचलून नेता येत नसे आणि आत काय चालले आहे, हे ग्राहकाला उघडून पाहता येत नसे.

फ्रँकफर्टमध्येही तेच चित्र होते. तिथल्या युरेक्स या वायदेबाजाराची आणि झेट्रा या शेअर बाजाराची व्यवस्था ओपनव्हीएमएसवर उभी होती. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने 1977 मध्ये आणलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम तिच्या भक्कमपणासाठी नावाजलेली होती.

पुढे मालकीची उलथापालथ झाली. 1997 मध्ये कॉम्पॅकने टँडम विकत घेतली, 1998 मध्ये डिजिटलही घेतली आणि 2002 मध्ये खुद्द कॉम्पॅक ह्युलेट-पॅकार्डमध्ये (एचपी) विलीन झाली. मुंबई आणि फ्रँकफर्ट यांनी स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या कंपन्या पाहून निवड केली होती. तरी पाच वर्षांत दोघांच्याही किल्ल्या एकाच मालकाच्या जुडग्यात जाऊन बसल्या. भाडेकरू तेच, घरही तेच, पण घरमालक दोनदा बदलला आणि त्यात भाडेकरूला कोणी विचारले नाही. 2013 मध्ये एचपीने ओपनव्हीएमएस आवरते घेण्याचा आराखडा जाहीर केला. पुढल्या वर्षी एका नव्या कंपनीला विकासाचे हक्क मिळाले म्हणून ती प्रणाली तगली. आपल्या धंद्याचा पायाच दुसऱ्याच्या निर्णयावर टेकलेला आहे, ही जाणीव तोवर अनेक बाजारांना झाली होती.

पर्याय तयार होता. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये सुरू केलेला लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, दशकभरात कंपन्यांच्या सर्व्हरखोलीत शिरला. ओरॅकलने 1998 मध्ये आपला डेटाबेस लिनक्सवर आणला, तेव्हा मोठ्या ग्राहकांची भीड चेपली. शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजने 2003 च्या सुमारास सोलारिस या युनिक्स प्रणालीकडून लिनक्सकडे जायला सुरुवात केली. इंटेलच्या चिपवरचे साधे सर्व्हर महागड्या युनिक्स यंत्रांच्या तोडीचे काम करू लागले होते, हे त्यामागचे मोठे कारण.

लंडनने मात्र आधी वेगळी वाट धरली. लंडन स्टॉक एक्स्चेंजची ‘ट्रेडइलेक्ट’ ही व्यवस्था जून 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हर आणि डॉटनेटवर सुरू झाली. तिच्यावर सुमारे 4 कोटी पौंड खर्च झाल्याचे सांगितले जाई. 8 सप्टेंबर 2008 हा सोमवार होता. आदल्याच दिवशी अमेरिकी सरकारने फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्ज कंपन्या ताब्यात घेतल्या होत्या आणि जगभरचे बाजार उसळले होते. वर्षातल्या सर्वांत मोठ्या उलाढालीच्या दिवसांपैकी तो एक ठरला असता. नेमक्या त्या दिवशी लंडनचा बाजार सुमारे सात तास ठप्प राहिला. त्या बिघाडाचे सगळे खापर विंडोजवर फोडणे न्यायाचे नाही, कारण अशा व्यवस्थेत ऑपरेटिंग सिस्टिमच्या वर सॉफ्टवेअरचे अनेक थर असतात. पण चाय-एक्ससारखे नवे, चपळ प्रतिस्पर्धी गिऱ्हाईक पळवत असताना बाजाराचा विश्वास गेला, तो गेलाच.

नवे प्रमुख झेवियर रोले यांनी 2009 मध्ये जो निर्णय घेतला, त्याचा दक्षिण आशियाला अभिमान वाटावा. त्यांनी श्रीलंकेतील मिलेनियमआयटी ही कंपनीच विकत घेतली, सुमारे 1 कोटी 80 लाख पौंडांना. ट्रेडइलेक्टच्या खर्चाच्या निम्म्याहूनही कमी रकमेत लंडनला एक व्यवस्था नव्हे, तर ती घडवणारे सगळे अभियंते मिळाले. मिलेनियम एक्स्चेंज ही त्यांची नवी व्यवस्था सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली होती आणि लंडनने ती लिनक्सवर चालवली. 14 फेब्रुवारी 2011 रोजी मुख्य बाजार तिच्यावर गेला. त्याआधी लंडनच्याच टर्क्वॉइज या बाजारात तिने सरासरी 126 मायक्रोसेकंदांत ऑर्डर हाताळून दाखवली होती. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

एवढी घाई कशासाठी? शेअर बाजारात एकाच भावाच्या दोन ऑर्डर आल्या, तर आधी पोचलेलीचा सौदा आधी होतो. ऑर्डर नेटवर्क कार्डावर येऊन थडकते, कार्ड प्रोसेसरला हाक मारते, प्रोसेसर हातातले काम टाकून तिच्याकडे वळतो. त्याच क्षणी ऑपरेटिंग सिस्टिमने मध्येच लॉग लिहायचे किंवा मेमरी आवरायचे काम काढले, तर ऑर्डर ताटकळते. पुढची ऑर्डर मात्र झटक्यात निघून जाते. सरासरी वेग कितीही चांगला असो, असा हेलकावा दलालाला अन्यायाचा वाटतो आणि तो अन्यायच आहे. लिनक्समध्ये अभियंता प्रोसेसरचा एखादा कोअर या कामापुरता राखून ठेवू शकतो, इतर कामे त्याच्यापासून दूर ठेवू शकतो आणि तरीही अडले, तर कर्नलचा कोड उघडून अडथळा नेमका कुठे आहे ते शोधू शकतो. थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांच्यासारख्या अभियंत्यांनी वेळेची हमी देणाऱ्या ‘रिअल-टाइम’ लिनक्ससाठी जे काम केले, त्याला बाजारांच्या रूपाने मोठे गिऱ्हाईक मिळाले. ते काम 2024 मध्ये मुख्य कर्नलमध्ये सामील झाले. आज कारखान्यातली यंत्रे चालवणाऱ्यालाही ते विनामूल्य मिळते.

युरेक्स आणि झेट्रा चालवणाऱ्या फ्रँकफर्टच्या डॉइश बोर्सेनेही लिनक्सवर टी7 ही नवी व्यवस्था उभारली आणि 2013 पर्यंत युरेक्स तिच्यावर नेले. मुंबई शेअर बाजारात 2007 पासून याच डॉइश बोर्सेचा 5 टक्के हिस्सा होता. त्या नात्यातून 2013 मध्ये करार झाला आणि टी7 ‘बोल्ट प्लस’ या नावाने दलाल स्ट्रीटवर आली. आधी चलनाचे वायदे, मग शेअरचे वायदे आणि शेवटी सोमवार, 7 एप्रिल 2014 रोजी मुख्य शेअर बाजार असे टप्पे ठरले. लोकसभा निवडणुकीच्या मतदानाचा पहिला टप्पा त्याच दिवशी होता आणि बाजार तापलेला होता. शनिवारी सुट्टीच्या दिवशी मॉक ट्रेडिंग करायचे, दलालांनी आपापली सॉफ्टवेअर नव्या व्यवस्थेशी जोडून पाहायची, चुका नोंदवायच्या आणि पुढच्या शनिवारी पुन्हा बसायचे, हा अशा स्थलांतराचा खरा घाम. प्रतिसादाचा वेळ 10 मिलिसेकंदांवरून 200 मायक्रोसेकंदांवर आला. पुढे तो 6 मायक्रोसेकंदांपर्यंत खाली आणल्याचे मुंबई शेअर बाजार सांगतो.

लिनक्स आला म्हणजे बिघाड संपले, असे नाही. 25 फेब्रुवारी 2011 रोजी, नवी व्यवस्था लागून दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा लंडनचा बाजार चार तासांहून अधिक काळ बंद राहिला. टोकियोची ‘अ‍ॅरोहेड’ ही व्यवस्था जानेवारी 2010 पासून लिनक्सवर आहे. 1 ऑक्टोबर 2020 रोजी डेटा साठवणाऱ्या यंत्रातल्या दोषामुळे तिथे दिवसभर सौदे झाले नाहीत आणि बाजाराच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. लिनक्स फुकट म्हणूनही हे बाजार वळले नाहीत. रेड हॅटसारख्या कंपन्यांना ते आधारसेवेचे पैसे मोजतातच. फरक एवढाच आणि तो फार मोठा, की सेवा आवडली नाही तर सेवा देणारा बदलता येतो, पाया उखडावा लागत नाही.

3 जुलै 2017 रोजी फ्रँकफर्टचे झेट्राही ओपनव्हीएमएस सोडून टी7वर गेले. मुंबईत शनिवारचे मॉक ट्रेडिंग आजही होते.